बाबालाल उस्तादांची नळी

“ही गोष्ट कुणालाच खरी वाटत नाही,” मी अक्षताला आधीच सांगून टाकलं. “एकदा एका कीर्तनकारबुवांना सांगितली, तर बुवा हात जोडून म्हणाले, केरबा मिस्त्री, मी पोटासाठी रचतो, तुम्ही कशासाठी रचता? तेव्हा तू काही विश्वास ठेवू नकोस. नुसती ऐक.”

“ऐकते की, आजोबा,” असं म्हणून तिनं मांडीवरची वही उघडली आणि पेनाचं टोपण दातात धरलं.

अक्षता ही पिराजीची नात. पिराजी आणि मी एकाच उस्तादाच्या हाताखाली पाच वर्षं डिझेलनं काळे झालेले गुरुबंधू. आता त्याचे गुडघे गेलेत आणि माझी कंबर. पोरीनं आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला. वर्गात तेवीस पोरं आणि ही एकटी, आणि पहिली आली ती ही. दसऱ्याला फाट्यावर स्वतःचं गॅरेज उघडणार होती. त्यासाठी हत्यारं कुठली घ्यावीत हे विचारायला खंडेनवमीच्या चार दिवस आधी माझ्या सोप्यात येऊन बसली होती. वहीत यादी तयारच होती. नंबर घालून एकसष्ट वस्तू.

“तुझ्या आजानं काय सांगितलं?”

“म्हणाले, केरबाकडं जा, त्याला इंजिन कळतं. पण त्याच्या त्या नळीच्या नादाला लागू नको.”

“शेहेचाळीस वर्षं झाली,” मी म्हणालो, “अजून त्या नळीच्या नावानं तुझ्या आजाच्या पोटात दुखतंय. का दुखतंय तेच सांगतो.”

आत हौसा चुलीपुढं बसली होती. घरात गॅस आहे, पण आमच्या बाईला भाकरी चुलीवरचीच लागते. फूऽऽ... फूऽऽ... असा आवाज सोप्यापर्यंत येत होता. तिला माझ्या गोष्टी पाठ आहेत, म्हणून मी आवाज जरा चढवूनच सुरुवात केली.

आमचे उस्ताद म्हणजे बाबालाल मुजावर. नदीच्या दोन्ही काठांना मिळून असा डिझेलचा माणूस झाला नाही. पलीकडच्या गावात पंपाचं इंजिन सुरू झालं की हे अलीकडं चहाची बशी तोंडाला लावता लावता सांगायचे, “टाकीत दीड लिटर राहिलंय. आन् मालकाचं आज घरात भांडण झालंय.” आम्ही सायकल मारत जाऊन बघायचो. टाकीत बरोब्बर दीड लिटर असायचं आणि मालकाच्या गालावर लाटण्याचा वळ.

“लाटण्याचा?” अक्षतानं विचारलं.

“पोळपाटाचा असेल. मधे बोलू नको.”

तर उस्तादांचा एक नेम होता. आम्ही हाताखाली राहिलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तो आम्हाला घालून दिला. “बेटा, इंजनाजवळ गेलास की पयले हात मागं बांधायचे. एक फेरी मारायची. मग हत्यार. काम झालं, हत्यार खाली ठेवलं, की परत हात मागं, परत एक फेरी. मगच हँडल. पयल्या फेरीत इंजनाची चूक दिसती. दुसऱ्या फेरीत आपली.”

अक्षतानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मला बरं वाटलं. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

पण ह्या फेऱ्या म्हणजे चारचौघांना दाखवायच्या, खरं गुपित निराळंच असणार, ह्यावर पिराजीचं आणि माझं एकमत होतं. कारण एखादं इंजिन अगदीच हट्टाला पेटलं की उस्ताद आम्हा दोघांना सांगायचे, “जाव, चाय पिऊन या.” आम्ही चहा पिऊन येईपर्यंत इंजिन चालू झालेलं असायचं. नुसत्या चहात एवढी ताकद नसते. उस्तादांजवळ काहीतरी होतं, आणि ते आमच्यापुढं काढत नव्हते. पिराजी म्हणायचा, मंत्र आहे. मी म्हणायचो, हत्यार आहे.

उस्ताद मुसलमान, पण खंडेनवमी त्यांनी कधी चुकवली नाही. “लोखंडाला जात नसती,” म्हणायचे. त्या दिवशी सोप्यात सतरंजी अंथरायची, सगळी हत्यारं घासूनपुसून मांडायची, झेंडू वाहायचा आणि दिवस मावळेपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. उस्तादांची बायको, आमची चाची, तीसुद्धा स्वतःचं लोखंड आणून कडेला ठेवायची. विळी, कोयता, सांडशी. आणि ज्या वर्षी चेला हाताखालून सुटायचा, त्या वर्षी संध्याकाळी उस्ताद त्याला सतरंजीपुढं उभा करून म्हणायचे, “तीन उचल.” तीनच. मांडलेल्यातली कुठलीही. विचारायचं नाही, बदलायचं नाही, परत करायचं नाही. त्या तीन हत्यारांवर दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आपलं दुकान मांडायचं. माणूस काय उचलतो त्यावरून तो कसला मिस्त्री होणार ते कळतं, असं उस्तादांचं मत.

त्या वर्षी आम्ही दोघेही सुटणार होतो. पिराजी माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा, म्हणून पहिला मान त्याचा. त्यानं काय उचललं? नोझल तपासायचं यंत्र! सबंध तालुक्यात तसली दोनच होती. मग बारीक फटी मोजायचं इंपोर्टेड फीलर गेज. आणि तिसरी, बारा रिंग पान्यांची पेटी.

“तीन म्हणजे तीन नग!” मी ओरडलो. “पेटीत बारा हायेत!”

“पेटी एकच हाय की,” पिराजी म्हणाला. “काय उस्ताद?”

“पेटी एक,” उस्ताद म्हणाले. “उघडून मोजणार नाही मी.”

अक्षता खाली बघून हसली. ती पेटी अजून पिराजीच्या घरी आहे आणि आता तिच्या गॅरेजात जाणार आहे, हे मला ठाऊक होतं.

आता माझी पाळी. माझं काय पणाला लागलं होतं तेही सांगतो. माझ्या मामाचा बँड होता. लग्नाच्या वरातीत वाजवायचा. मामा म्हणायचा, केरबाला मशीन जमत नाही, त्याला बँडात घेतो, खुळखुळा वाजवायची जागा रिकामी आहे. आणि नुसता म्हणत नव्हता. माझ्या मापाचा लाल कोट शिवून ठेवला होता त्यानं, पिवळ्या दोरीचा. म्हणजे एका बाजूला मिस्त्री आणि दुसऱ्या बाजूला जन्मभर लोकांच्या लग्नात खुळखुळा.

पहिला उचलला चौदा-पंधराचा पाना. निम्मं इंजिन त्यानं उघडतं. दुसरा, उस्तादांच्या हातातला लांब डिसमिस, ज्यानं स्क्रू पिळून पिळून त्याची लाकडी मूठ त्यांच्या तळव्याच्या आकाराची झाली होती. आणि तिसऱ्याला वाकलो तोवर ती दिसली. बाकीच्या हत्यारांपासून लांब, मुद्दाम लपवून ठेवल्यासारखी, चाचीच्या विळीच्या आडोशाला. लोखंडी नळी. हातभर लांब. एका टोकाला काळीकुट्ट, आणि दुसरं टोक वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. मी म्हटलं, सापडलं! हे टोक कशानं गुळगुळीत झालं असेल? कान लावून लावून. चहाला पाठवून उस्ताद इंजिनाचं पोट ऐकत होते ते ह्याच नळीनं.

“ही,” मी म्हणालो.

उस्तादांनी नळीकडं बघितलं. मग माझ्याकडं. “ही?”

“ही.”

“पक्कं?”

“पक्कं. मला ठाऊक हाय उस्ताद, ही कशाची हाय.”

“तुला ठाऊक हाय,” असं म्हणून उस्तादांनी मिशीवर हात धरला आणि त्यांना जो खोकला लागला तो थांबेना. आतून चाची धावत आली. “अरे, वो मेरी...” एवढंच म्हणाली, तर उस्तादांनी हात वर करून तिला थोपवलं. “उचलली त्यानं. आता परत घेता येत नाही.” चाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढी मोलाची वस्तू घराबाहेर चालली होती. कुणाच्याही आलं असतं. पिराजी तर भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे गदागदा हलत होते. हातची गेली म्हणून रडत होता.

“आमचे आजोबा सांगतात, ते हसत होते,” अक्षता म्हणाली.

“तो भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याला काय दिसणार तो रडतोय का हसतोय?”

दसऱ्याला फाट्यावर बाभळीखाली मी दुकान मांडलं. दुकान म्हणजे एक पोतं, पोत्यावर तीन हत्यारं आणि हत्यारांमागं मी. समोरच रस्त्याच्या पलीकडं पिराजीचं. त्याच्या पुढ्यात बारा पाने उन्हात नुसते चमकायचे. ट्रॅक्टर आला की तिकडं, पंप आला की तिकडं. माझ्याकडं दहा दिवसांत एक बाई आली, तीही पत्ता विचारायला. आणि पिराजीचाच विचारायला. दहाव्या दिवशी मामानं लाल कोट इस्त्री करून धाडला.

अकराव्या दिवशी दुपारी बाळगोंडा पाटील स्वतः मोटारसायकल घेऊन माझ्या पोत्यापुढं थांबले. नदीकाठची निम्मी गुऱ्हाळं त्यांची. ऊस गाळायचा चरक डिझेल इंजिनावर चालायचा तेव्हा. इंजिन थांबलं की चरक थांबला, चरक थांबला की रस थांबला, आणि रस थांबला की गुळाचं मातेरं.

“तूच काय रं तो नळीवाला?”

“मीच, अण्णा.”

“पिराजी सकाळपासनं खपतोय. आत्ता म्हणतो, शहरातनं पार्ट आणतो. तवर माझा रस आंबल. तोडलेला ऊस फडात वाळाय लागलाय.” त्यांनी माझ्या पोत्यावरची तीन हत्यारं बघितली आणि मोटारसायकलचं तोंड परत फिरवावं की काय असा विचार केला. मग म्हणाले, “बस मागं. चालू केलंस तर ह्या काठाची माझी सातीच्या सात इंजनं तुझ्याकडं. न्हाई झालं, तर ह्या काठाला परत पोतं पसरायचं न्हाई. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. नाही म्हणून काय करणार? घरी लाल कोट खुंटीवर टांगलेला होता.

गुऱ्हाळावर वीसेक माणसं हात बांधून बसली होती. मधोमध काहील, म्हणजे रस आटवायची ती प्रचंड कढई, आणि तिच्या खाली चुलवाण. चुलवाणात उसाची वाळली चिपाडं सारून आच धरून ठेवत एक पोरगी बसली होती. गुळव्याची, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याची पोरगी. राखेनं माखलेले हात, आणि त्या हातांत कोपरापर्यंत हिरवी काकणं.

“ती म्हणजेच आत जी बसलीय ती,” मी अक्षताला बोटानं दाखवलं. आतली फुंकर जराशी थांबली आणि परत सुरू झाली.

मी मोटारसायकलवरून उतरलो तशी तिची नजर माझ्या नळीवर गेली.

“ते काय हाय?” तिनं विचारलं.

“श्रवणनळी,” मी म्हणालो. “इंग्रजांच्या वेळची. हिनं इंजिनाच्या पोटातलं ऐकू येतं.”

तिनं नळी खालपासून वरपर्यंत बघितली. मग मला बघितलं. “असं व्हय,” एवढंच म्हणाली आणि चुलवाणात चिपाडं सारायला लागली. अशा मोठ्या हत्यारापुढं बायामाणसं दबतातच.

मी हात मागं बांधले आणि उस्तादांनी सांगितल्याप्रमाणं इंजिनाभोवती फेरी मारली. लोक हसायला लागले. एक म्हणाला, “अरं, देवळात आलाय का काय हा?” पण त्या फेरीतच मला दिसलं की टाकीच्या तोंडाशी चिखलाचा थर आहे. बॅरलच्या तळाचं डिझेल ओतलेलं. पिराजीनं हातात यंत्र होतं म्हणून नोझल तपासलं; नोझल ठणठणीत होतं. अडलं होतं त्याच्या कितीतरी अलीकडं, फिल्टरात. मग काय, टाकीखालची तोटी आडवी करून बंद केली, पाना लावला, फिल्टर उघडला. आत बेडूक! जिवंत! डिझेल पिऊन एवढा तरतरीत झालेला की त्यानं जी उडी मारली ती थेट नदीत.

“आजोबा,” अक्षता म्हणाली.

“बरं, गाळ होता. बोटभर गाळ. पण बेडकाएवढाच.”

फिल्टर धुतला, पुसला, परत बसवला. आता तू शिकलेली आहेस, तुला ठाऊक आहे. फिल्टर उघडला की नळ्यांत हवा शिरते, आणि हवा असली की इंजिन उचलत नाही. म्हणून इंजिनाच्या डिझेल पंपावरचा छोटा स्क्रू ढिला करायचा. त्यातून आधी बुडबुडे येतात, मग साफ डिझेल येतं, मग स्क्रू आवळायचा आणि हँडल मारायचं. मी डिसमिस लावला, स्क्रू ढिला केला आणि थांबलो.

काही येईना.

बुडबुडा नाही, डिझेल नाही, ओलसुद्धा नाही. स्क्रू आणखी ढिला केला. परत तेच. मागं कुजबूज सुरू झाली. पाटलांनी घड्याळ बघितलं. कुणीतरी ओरडलं, “नळी लाव की, नळी!” आणि सगळं गुऱ्हाळ हसलं. डोळ्यांपुढं लाल कोट आला, पिवळी दोरी आली, आणि कानात खुळखुळा वाजायला लागला. मी म्हटलं, केरबा, हीच वेळ. उस्ताद चहाला पाठवायचे ती हीच वेळ.

“सगळ्यांनी पाठ फिरवा,” मी म्हणालो. “नळी लावताना कुणाची नजर पडली तर आतला आवाज उलटतो.”

“हे काय थ्यार?” पाटील म्हणाले.

“अण्णा, इंजिन तुमचं हाय. बघा.”

पाटलांनी पाठ फिरवली. त्यांनी फिरवली म्हणून वीसही जणांनी फिरवली. राहिली एकटी ती पोरगी. चुलवाणाच्या पलीकडंच इंजिन होतं आणि ती आमच्याकडं तोंड करून बसलेली.

“तू पण फीर,” मी म्हणालो.

“चुलवाणाला पाठ दावत न्हाईत.”

“मग डोळं मीट.”

“तुम्ही मिटा,” ती म्हणाली. “ऐकायचं तुमाला हाय.”

मी मिटले. नळीचं गुळगुळीत टोक कानाला लावलं, काळं टोक टाकीला. आधी माझ्याच काळजाचे ठोके ऐकू आले. मग पिस्टनचा उसासा ऐकला. मग टाकीच्या पत्र्यावरून एक मुंगी चालत गेली, तिचा डावा पाय जरा लंगडत होता, तेही ऐकलं. मग डोळे तसेच मिटलेले ठेवून डिझेलच्या पाइपावर नळीनं एक ठोका दिला. टक्. काही नाही. थोडा वेळ थांबून दुसरा. टक्. काही नाही. आणि तिसरा द्यायला हात उचलला, तेवढ्यात आवाज आला. किणकिण. अगदी बारीक. पहाटेच्या वेळी कुणी काकणं मागं सारून घागर कलती करावी, तसा. मी ओळखलं, पाइपात अडकलेला हवेचा बुडबुडा फुटला! तिसरा ठोका दिला, डोळे उघडले, आणि बघतो तर पंपाच्या स्क्रूतून फसफस फसफस बुडबुडे, आणि त्यांच्यामागनं डिझेलची साफ धार.

स्क्रू आवळला. हँडल मारलं. एक. दोन. तीन. धाड... धाड... धडधडधडधड! सगळं गुऱ्हाळ एकदम वळलं. धुराचं पहिलं कडं वर गेलं, गोल फिरलं आणि थेट पाटलांच्या पटक्यावर जाऊन बसलं. चरक फिरला, रसाची धार लागली. पाटलांनी मला धुरासकट मिठी मारली. सात इंजनं माझी झाली, पुढच्या दोन वर्षांत सातांची सत्तर झाली. लाल कोट मी फडातल्या बुजगावण्याला घातला. तो एवढा शोभला की पाखरं लांबून बघायला यायची. आणि पुढच्या वैशाखात गुळव्याकडं जाऊन म्हणालो, मामा, तुमच्या चुलवाणापुढची पोरगी मला द्या. तो म्हणाला, पोरीला विचारतो. पोरगी म्हणाली, करते. पण ती नळी घेऊन यायची.

“बघ,” मी अक्षताला म्हणालो, “गुणाची पारख होती तिला.”

अक्षता भराभर लिहीत होती. “यादीत घालते मग. नंबर बासष्ट, श्रवणनळी,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून ती खरं म्हणतेय का थट्टा करतेय ते कळेना. “कुठं मिळेल?”

“आता मिळायची नाही. माझी महापुरात गेली. पण एखाद्या लोहाराकडून करून घे. हातभर लांब, एक टोक गुळगुळीत.” आणि तिनं खरोखरच तेही लिहिलेलं बघून मला आणखी जोर आला. “बेडूक खोटा म्हण, मुंगी खोटी म्हण. मी काही म्हणणार नाही. गोष्टीला थोडं वंगण लागतं. पण डिझेल आलं ते माझ्या तीन ठोक्यांनी, एवढं मात्र खंडेनवमीला मांडलेल्या सगळ्या लोखंडाची शपथ घेऊन सांगतो. तेवढं माझं सोळा आणे खरं आहे.”

अक्षतानं दोन पानं मागं उलटली आणि ओळींवरून बोट फिरवत आली.

“आजोबा, एक विचारू?”

“विचार की.”

“इथं तुम्ही म्हणालात, टाकीखालची तोटी आडवी करून बंद केली, पाना लावला, फिल्टर उघडला.”

“मग? बंद केल्याशिवाय फिल्टर उघडला तर सगळं डिझेल अंगावर.”

“बरोबर. पण पुढं तोटी उघडल्याचं कुठंच नाही.” तिनं वही माझ्याकडं फिरवली. “फिल्टर बसवला. स्क्रू ढिला केला. नळी लावली. तोटी कधी उघडली?”

“उघडली की.”

“कधी?”

“दुसऱ्या फेरीत उघडली असणार.”

“दुसरी फेरी तुम्ही मारलीच नाही.” ती हसत नव्हती, आयटीआयला तोंडी परीक्षा घेतात तसं विचारत होती. “आणि तोटी बंद असताना तीन काय, तीनशे ठोके दिले तरी डिझेल येणार कुठनं?”

मी डोळे मिटले, मनातल्या मनात हात मागं बांधले आणि त्या इंजिनाभोवती शेहेचाळीस वर्षं राहिलेली दुसरी फेरी मारली. पंप. फिल्टर. पाइप. टाकी. टाकीखाली तोटी.

आडवी.

किणकिण असा आवाज आला. अगदी बारीक. मी डोळे उघडले.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात हौसा उभी होती. एका हाताला भाकरीचं पीठ, आणि दुसऱ्या हातानं पदर सावरताना काकणं मागं सरलेली. त्याच हातात हातभर लांब लोखंडी नळी होती, एका टोकाला काळीकुट्ट, दुसऱ्या टोकाला गुळगुळीत.

“खोटं,” ती म्हणाली. “बुडबुडा न्हाई फुटला कुठला. काकणं माझी वाजली. तोटी मी उघडली.”

अक्षता त्या नळीकडं बघतच राहिली. “आणि ही?”

“फुंकणी. त्या चाचीच्या चुलीची. जलमभर चुलवाणापुढं बसलेली मी, मला काय वळखाय येत न्हाई? मोटारसायकलवरनं उतरलं तवाच वळाकली.”

“अगं, मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“आजवरची माणसं ऐकून हसून घरला जात हुती,” हौसा म्हणाली, आणि तिनं फुंकणीचं काळं टोक अक्षताच्या वहीवर, बासष्ट नंबरावर टेकवलं. “ही लिवून घ्याय लागली.”